उत्तमरावाचं भिंग आणि माझा काटा

४ नोव्हेंबर १९३४, सकाळ
वावरात डाव्या हाताच्या बोटात बाभळीचा काटा गेला. सोताच काढला. सुईनं, उघड्या डोळ्यानं. वय त्रेसष्ट, चष्मा नाही. तीस वर्षं झाली, इंझोरी गावचे काटे माझ्याच ओट्यावर निघतात. हा काटा तपकिरीच्या डबीत ठेवला, लोकांले दाखवायला. पांढरा, बारीक, जरासा वाकडा. काम फस्टक्लास.

६ नोव्हेंबर
शेजारच्या उत्तमरावानं अकोल्याहून भिंग आणलं. रुपाबाई पायातला काटा घेऊन माझ्या ओट्यावरून लंगडत थेट त्याच्याकडं गेली. म्हणे, भाऊजी, तिथं काटा खुट्याएवढा दिसते. दिसंलच. मधात फुगीर, कडेला पातळ काच, मसुरीच्या दाण्यावानी. त्यात कसली आली हुशारी?
बोट जरा गरम. थंडीचं असंल.

७ नोव्हेंबर
संकल्प : भिंगाचं नाव काढायचं नाही.
दुपारी पाहून आलो. लांब धरलं तर समोरचं घर उलटं! खोटारडी काच, असं गावभर सांगितलं. मारोतराव म्हणे, मंग जवळ धरा ना. उत्तमरावानं उन्हात त्याच भिंगानं मारोतरावाची चिलीम पेटवून दिली. सारे वाहवा करून राह्यले. माझ्या ओट्यावर एक कुत्रं.

९ नोव्हेंबर
माझं भिंग तयार. गोल शिशीत पाणी भरलं. अक्षरं मोठी दिसतात, पण एकाच अंगानं, गाभण म्हशीवानी. रामरावाच्या तळपायावर धरली अन् बूच निघालं. म्हणे, काका, काटा काढता का पाय धुता?
बोट वांग्यावानी झालं. त्या काचेची नजर, दुसरं काय! बिबा लावला. आग आग.

११ नोव्हेंबर
बायको चतुराबाई म्हणे, काहून हट्ट करता? जा ना त्यांच्याकडं. म्हटलं, बोट तुटलं तरी जानार नाही. मले भाकर मोडता येईना. तिनंच मोडून दिली, अन् सोता न जेवता उठली.

१२ नोव्हेंबर
उत्तमरावाकडं गेलो. भिंग तपासायला. त्यानं काच बोटाजवळ धरली, मंग हळूहळू वर घेतली. नेमक्या उंचीवर आतला काटा दिसला. अख्खा. त्यानं अलगद काढला, दुखू दिलं नाही.
मी डबी पुढं केली. म्हटलं, मंग हा कोनता?
भिंगाखाली धरला. दोघंबी बराच वेळ पाहून राह्यलो.
माझ्या मिशीचा केस.

संध्याकाळ
उत्तमरावानं कोनाले सांगितलं नाही. सांगितलं असतं तर रागावता तरी आलं असतं.