नऊ नंबरच्या अंगणातला फलक

प्रिय रॉली,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला वाटलं असेल, की थोरलीला आता काय झालं. काही झालेलं नाही. गुडघा सोडला तर मी धडधाकट आहे. फोन एवढ्यासाठी केला नाही, की फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. निवडणुकीचा विषय निघाला की तू सुरू होतोस आणि मी 'हं, हं' करत भांडी विसळते. कागदाला मधेच तोडता येत नाही. जलद टपालाने पाठवतेय, बुधवारी तुझ्या ॲरिझोनात पोचेल असं पोस्टातल्या मुलीने छातीठोकपणे सांगितलंय. मिळालं की आधी वाच, मग काय तो टीव्ही लाव. आणि शेवटपर्यंत वाच, माझ्यावर उपकार कर.

इकडे मेपलची पानं गळून गटारं तुंबलीत. चर्चच्या तळघरात शनिवारी बीन सूपचं जेवण झालं. तिथेही लोक आता दोन बाजूंना बसतात. वेगळं बसा असं कुणी म्हणत नाही, पण तुझ्या उमेदवाराची माणसं किटलीकडे आणि विरुद्धवाली जिन्याकडे. फादर बिचारे मधल्या टेबलावर एकटे सूप पितात. फक्त आपल्या 'नावाडी' संघाचं नाव काढलं की सगळी तोंडं एकीकडे वळतात. आपली शाळा या मोसमात एकही सामना हरलेली नाही, हे तुला मी काय सांगणार. येत्या शुक्रवारी शेवटचा, तोही नदीपलीकडच्या ओरिस्टनशी. आणि पुढच्या मंगळवारी मतदान. एका आठवड्यात दोन्ही यावं असं कुणाच्या डोक्यातून निघालं कोण जाणे.

तुला वाटतं मला इंटरनेटवरच्या तुमच्या त्या फुटबॉल फोरमचा गंध नाही. अरे, शाळेच्या कँटीनमधून निवृत्त झाले तेव्हापासून सकाळी कॉफीबरोबर मी तेच वाचते. लिहीत नाही, वाचते. 'पन्नासची रेघ' सुरू झाली तेव्हा काय मजा होती! चौथ्या डावाला चेंडूला लाथ मारायला हवी होती की तो घेऊन धावायला, यावर आठ-आठ दिवस कडाक्याची भांडणं. कुणीतरी लिहायचं, "अरे ए, तुझ्या आजीने तो पास झेलला असता." लगेच दुसरा, "माझ्या आजीला नावं ठेवू नकोस, ती तुझ्या कोचपेक्षा बरी पळते." मी एकटी स्वयंपाकघरात खो खो हसायची. आणि 'जुना तेवीस' बोलला की विषय संपायचा. तेवीस हा तुझ्या जर्सीचा नंबर, तो तू आहेस हे अख्ख्या दरीला माहीत आहे. तुझ्या त्या धावण्याचा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. आई चर्चमध्ये त्या रविवारी कशी मान ताठ करून बसली होती, आठवतं? मी तिच्या शेजारी होते, मला तुझा इतका अभिमान वाटला होता की प्रार्थनेत लक्षच नव्हतं.

मग कुणीतरी राजकारणासाठी 'इतर गप्पा' असा कोपरा काढला, आणि कोपऱ्याने घर खाल्लं. आता कुठल्या पोराने चेंडू टाकला की खाली पहिली प्रतिक्रिया, "याचा बाप कुणाला मत देतो?" ओरिस्टनवाले आपल्याला चिडवतात, आपले त्यांना देशद्रोही म्हणतात, आणि चेंडू राहतो बाजूला. लिहिणारे बहुतेक तुझ्यासारखे गाव सोडून गेलेले, नाहीतर आसपासच्या वस्त्यांतले. गावातली माणसं वाचतात, आणि गप्प बसतात.

गेल्या शुक्रवारी तो फोटो आला. ऑगस्टमध्ये खेळाडूंच्या आया अंगणात पोराच्या नंबराची लाकडी पाटी रोवतात, ती पद्धत तुझ्या वेळेपासून आहेच. फोटोत नऊ नंबरची पाटी, कॉर्बिन टास्करची, आपल्या क्वार्टरबॅकची, डाव चालवून चेंडू फेकणाऱ्या पोराची. तिच्याशेजारी, दोन पावलांवर, तुझ्या विरुद्ध बाजूच्या उमेदवाराचा फलक. मागे हिरवं दार. बस, एवढंच. खाली कुणी लिहिलं, "बघा, आपली सूत्रं कुणाच्या हातात आहेत." दुसरा म्हणाला, "म्हणूनच गेल्या सामन्यात डावीकडे डावीकडे फेकत होता का रे?" त्यावर हसणाऱ्या तोंडांची रांग. कुणी त्याच्या आईच्या कामाची जागा लिहिली. आणि मग तू आलास. तुझी पोस्ट मला तोंडपाठ झालीय: "त्या घराला कळू दे हे गाव कुणाचं आहे. गुरुवारी संध्याकाळी गाड्या काढा, त्या रस्त्याने जा आणि फलक उपटेपर्यंत हॉर्न वाजवा. आणि कोच, शुक्रवारी त्या पोराला बाकावर बसवा, नाहीतर तुम्ही कुठल्या बाजूचे तेही कळेल." खाली शंभरावर लोक, "जुना तेवीस बोलला, निघालो."

रॉली, मला तुझी लाज वाटली. वाटली ती वाटली.

गुरुवारपर्यंत दम कुणाला आहे! काल रविवारी दुपारीच चार-पाच पिकअप गाड्या आल्या. झेंडे लावलेल्या. घरासमोर उभ्या राहिल्या आणि हॉर्नवर हात दाबून धरला. हे मी ऐकीव सांगत नाही. कॉर्बिनची धाकटी बहीण सोफ्यामागे कान दाबून बसली होती. एक जण खिडकीतून ओरडत होता, "ए नऊ नंबर, बाहेर ये की, घाबरलास?" कॉर्बिन बाहेर आला. पायरीवर उभा राहिला, हात खिशात. सतरा वर्षांचं पोर. गाडीतून बाटली आली ती खिडकीच्या काचेतून आत गेली. मग त्यांचीच गाळण उडाली आणि गाड्या पळाल्या. पोलीस आला, वहीत काहीबाही लिहून गेला.

त्याची आई रेनाटा वृद्धाश्रमाच्या धुलाईखात्यात कामाला आहे. नवरा गेल्यापासून दोन पोरं एकटीने वाढवतेय. ती कुणाच्या अध्यातमध्यात नसते. मला म्हणाली, "मी मत कुणाला देते ते मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं, या टिनपाट गाडीवाल्यांना काय सांगू?" पण पोराला ती शुक्रवारी मैदानावर पाठवणार नाही म्हणते. "फुटबॉल गेला खड्ड्यात, मला पोर जिवंत हवंय." आणि नेमकं या शुक्रवारी पिट्सबर्गकडच्या एका कॉलेजचे कोच त्याला बघायला येणार आहेत. या दरीतून बाहेर पडायची त्याची ती एकच वाट आहे, तुला होती तशीच. तो बसला तर ते दुसऱ्या पोराला बघून निघून जातील. पुन्हा इतक्या लांब कोण येतंय?

आज सकाळी मी कोचकडे गेले. सरळ आत जाऊन म्हटलं, त्या पोराला खेळवायचंच. डोकं धरून बसला होता बिचारा. म्हणाला, "जोसी, मी खेळवीन गं. पण गुरुवारी शंभर गाड्या आल्या तर त्याची आई त्याला दाराबाहेर काढणार आहे का? आणि मी सांगून कोण थांबतंय? तुझ्या भावाने हाक दिलीय, त्याचंच ऐकतील." त्याने कॉर्बिनलाही विचारलं होतं, "फलक तुमचा आहे का? नसेल तर कुणाचा ते सांग, मी आत्ता फोरमवर टाकतो, सगळं मिटेल." कॉर्बिन म्हणाला, "सर, मी फक्त खेळाबद्दल बोलतो." रेनाटाला शेजाऱ्यांनी सांगितलं, काढून टाक ना तो पत्रा. ती म्हणाली, "माझा नाही, मी कशी काढू?" कुणाचा, हे मायलेकरांपैकी एकानेही सांगितलं नाही. माहीत असून सांगितलं नाही.

आता शेवटचं, ज्याच्यासाठी हा सगळा कागद काळा केला. आईचं घर विकून मी वसंतात एका जोडघराचा अर्धा भाग घेतला, हे तुला सांगितलं होतं. बघायला तू आला नाहीस. पत्रव्यवहार पोस्टातल्या पेटीवर, त्यामुळे रस्त्याचं नावही तुला ठाऊक नसेल. त्या घराला दारं दोन आणि अंगण एक. उजवीकडचं हिरवं दार टास्करांचं. डावीकडचं माझं, ते फोटोत आलेलं नाही. माझ्या बाजूला गॅसवाल्यांनी खणून ठेवलंय, म्हणून रेनाटाला विचारून मी फलक तिच्या बाजूला रोवला. हो, मी. बाबांच्या घरात एकच मत असायचं म्हणून आयुष्यभर गप्प राहिले. या वर्षी म्हटलं, सत्तरी आली, आता तरी आपलं मत आपल्या अंगणात दिसू दे. बाटली माझ्या खिडकीतून आली, मी खुर्चीत बसले होते तिच्या पायाशी पडली; कॉर्बिनची बहीण तेव्हा माझ्याच सोफ्यामागे होती. मी फलक काढायला उठले तर कॉर्बिननेच अडवलं. म्हणाला, "राहू द्या, मिस जोसी. माझ्यासमोर हॉर्न वाजवून वाजवून दमतील. तुमच्या मागे लागले तर तुमच्याकडे कोण आहे?" त्याला मी म्हणू शकले नाही की मला भाऊ आहे. गुरुवारी दुपारी मी त्या फोरमवर पहिल्यांदा लिहिणार आहे, माझ्या नावाने, फलकाशेजारी उभी राहून काढलेल्या फोटोसकट. मग पडवीत खुर्ची टाकून बसणार आहे. ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, एवढी तरी मी तुझी थोरली आहे. तुझं मत बदल असं मी म्हणत नाही, ठेव की खुशाल. पण ती माणसं तुझ्या हाकेवर येणार आहेत. त्यांना तूच परत फिरव, आणि ते पोर शुक्रवारी खेळू दे. आणि फिरवायचं नसेल, तर त्यांना निदान नीट पत्ता सांग: हॉर्न डाव्या दारासमोर वाजवा, तिथे माझी बहीण राहते.

तरीही तुझीच,
जोसी