चमकीतलं काकपद

अप्पा, परवा माझ्या लेकीचं लग्न झालं. पाहुणे पांगल्यावर घर रिकामं वाटलं आणि तुमच्याशी बोलावंसं वाटलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता डोळे मिटावे लागतात. कॅसलरॉकचं आपलं दुकान मात्र लख्ख दिसतं. स्टेशनाच्या वरच्या अंगाला, उत्तरेकडे तोंड करून. गोव्याकडची माणसं सरहद्दीवरच्या जकातीच्या तपासणीतून सुटली की वर चढून येतात, रुमालाची गाठ सोडून एखादा खडा तुमच्यापुढे ठेवतात, आणि तुम्ही भिंग डोळ्याला लावता.

आई गेली त्या दिवशी तुम्ही बेळगावात एका लग्नघरचे हिरे पारखत होता. सकाळी तिला नुसती कणकण होती. जाऊन या, असं तीच म्हणाली होती. दुपारी ताप मेंदूत चढला आणि तिला माणसं ओळखू येईनात. तुम्ही संध्याकाळच्या गाडीनं उतरलात तोवर आत्यानं तिच्या नाकातली हिऱ्याची चमकी काढून ताटलीत ठेवली होती. दिवसकार्य झाल्यावर आत्यानं ती तुमच्या भिंगाखाली धरली. तीही सोनाराच्याच घरातली, तिला थोडंफार कळायचं. “ह्यात काकपद हाय,” ती म्हणाली. “कावळ्याच्या पायागत चीर. असला हिरा घरच्या बाईला खातो. तू पारखी न्हवं? लग्नात घालताना तुला दिसलं न्हाई?” तुम्ही खाली बघत राहिलात. तुम्हाला ते दिसलं होतं, हे मला तेव्हाच कळलं.

त्यानंतर तुम्ही मला शिकवायला घेतलंत. पोरीच्या हातात भिंग बघून गिऱ्हाइकं हसायची, तुम्ही लक्ष दिलं नाहीत. उन्हात हिरा बघायचा नाही, ऊन सगळ्यालाच झळाळी देतं. दारातल्या शांत उजेडात, पांढऱ्या कागदावर पालथा ठेवायचा, म्हणजे पिवळी झाक लपत नाही. आधी पाणी, म्हणजे खडा किती नितळ आहे ते. मग रंग, मग आतला डाग किंवा चीर, मग पैलू नीट पाडलेत का, आत गेलेला उजेड वर परत येतो का. वजन सगळ्यात शेवटी, कारण वजन आधी कळलं की डोळा लोभी होतो. मी चुकले की तुम्ही रागवत नव्हता, खडा पुन्हा माझ्यापुढे सरकवत होता.

एके सकाळी तुम्ही सरकवलेली वस्तू आईची चमकी होती. “सांग,” म्हणालात. मी बराच वेळ बघितलं. पाणी चांगलं हाय, म्हटलं. रंग पांढरा. कडेला चीर हाय, तीन फाट्यांची. तुम्ही मान हलवलीत. मग हळूच विचारलंत, “त्यानं माणूस मरतं का गं?” तुम्ही माझी परीक्षा घेत नव्हता. तुम्हाला खरंच माझ्याकडून उत्तर हवं होतं. मी म्हटलं, “न्हाई अप्पा. आई तापानं गेली.” तुम्ही भिंग खाली ठेवलंत आणि दुकानाचं दार लोटून घेतलंत. बाहेर गिऱ्हाईक उभं होतं. ते हाका मारून निघून गेलं, तरी तुमचं रडणं थांबलं नाही. मी तुमच्या गुडघ्यावर हात ठेवून बसले होते.

तुम्ही दुसरं लग्न केलं नाहीत. जाताना चमकी माझ्या हातात दिलीत, म्हणालात, नातीला घाल. हा कागद कुणाला वाचायला द्यायचा नाही, म्हणून खरं ते लिहिते. परवा लेक हळद उतरवून, नवं लुगडं नेसून बसली होती. चमकी मुठीत धरून मी तिच्यापर्यंत गेले आणि परत आले. शेवटी तिला मोत्याची घातली. हिऱ्यानं माणूस मरतं का, असं मला कुणीही विचारलं तर मी आजही नाहीच म्हणेन, अप्पा. पण लेकीच्या नाकात तो घालायला माझा हात धजला नाही.