फोटोतली चौथी

मी, श्रीमती विनता चंद्रशेखर उमाठे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिवणकाम, राहणार विजय नगर, जबलपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, माझ्या माहेरच्या भाषेत आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. रक्तदाब आज सकाळी डॉक्टर गीतांजलीबाईंनी तपासला, ठीक आहे. मला कोणी धमकावलेले नाही की काही पाजलेले नाही. मी रागात मात्र आहे. रागात लिहिलेले मृत्युपत्र चालते का, असे मी वकील प्रणालीबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "काकू, राग चालतो, खाडाखोड चालत नाही." म्हणून सावकाश लिहिते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

घाई कशाची, तेही लिहून ठेवते. येत्या रविवारी सकाळी माझा एकुलता एक मुलगा अश्विन हैदराबादहून येत आहे. त्याच्यासोबत घराचे गिऱ्हाईक येणार आणि दानपत्राचा कागदही येणार. मी सही करायची, घर त्याच्या नावे व्हायचे, त्याने ते विकायचे आणि मला हैदराबादला न्यायचे, असे ठरले आहे. ठरवले त्याने एकट्याने. मागच्या खोलीत राहणाऱ्या रोशनीला महिनाअखेर खोली खाली करायला त्याने फोनवरच सांगून टाकले. तो भांडत आला असता तर मला भीती नव्हती, भांडणात मी कोणाच्या बापाचे ऐकत नाही. पण तो गोड बोलतो. समोर बसून "आई" म्हणाला की माझा हात आपोआप पेनाकडे जातो. हे माझे मला ठाऊक आहे, म्हणून तो यायच्या आत हे काम उरकते.

कलम १. विजय नगर येथील घर, जागेसकट, माझ्या एकटीच्या नावे आहे. खालचा मजला माझ्या नवऱ्याच्या टेलिफोन खात्यातल्या पगारातून आणि वरचा माझ्या शिवणकामातून झाला. हे संपूर्ण घर माझ्या मागे रोशनी भैयालाल झारिया, वय वर्षे पस्तीस, हिला मिळावे. तिने राहावे, भाड्याने द्यावे, विकावे, तिची मर्जी.

ही रोशनी कोण, असे उद्या कोर्टात विचारले जाईल. नात्यातली नाही, जातीतली नाही, आडनावही वेगळे. तर ऐका.

भैयालाल आमचा भाडेकरू. मूळचा पाटनचा, इथे धान्याच्या मंडीत कामाला होता. बायको वारलेली, पदरात एक पोरगी. तीच रोशनी. ती आणि माझा अश्विन एकाच अंगणात खेळायची. पण मी तिला फिरायला सोबत नेले ते काही प्रेमाने नव्हे, फोटोसाठी नेले. ही लपवलेली गोष्ट नाही. रोशनी स्वतःच हसत सगळ्यांना सांगते, "मी तर गिनतीसाठी गेली होती."

तिघांचा फोटो काढू नये. काढला की मधल्यावर संकट येते. तीन तिघाडा, काम बिघाडा. हसणाऱ्यांनी खुशाल हसावे, मी मानते. रोशनीला नेले त्याच्या आदल्या वर्षी आम्ही तिघे भेडाघाटला गेलो होतो, तिथे मी नको नको म्हणत असताना फोटोवाल्याने फोटो काढला. अश्विन मधे होता. आठ दिवसांत पोराला विषमज्वर झाला. महिनाभर अंथरुणाला खिळला होता, केस गळून डोके उघडे पडले. त्या फोटोचे तुकडे करून मी नर्मदेत सोडले आणि मैयाला हात जोडले की पुन्हा ही चूक करणार नाही.

पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे सन १९९८ साली, नागपूरला माझ्या माहेरी जायचे निघाले. शहराबाहेर 'मौजनगरी' नावाचे करमणुकीचे उद्यान नवीन निघाले होते. तिथे पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, छोटी आगगाडी असे सगळे होते. ह्यांनी ऑफिसातून कोणाचा तरी कॅमेरा मागून आणला. आता कॅमेरा आला म्हणजे फोटो आले, आणि नवरा, मी, पोरगा मिळून पुन्हा तीनच! मी तडक मागच्या खोलीत गेले. म्हटले, "भैया, रोशनी को भी ले जाते हैं, अश्विन का मन लगेगा." भैयालाल भोळा माणूस, त्याचे डोळेच भरून आले. मला काय, चौथे माणूस मिळाले.

ते फोटो लाल अल्बममध्ये आहेत. नागपूरचा मे महिना. माझ्या कपाळावरचे कुंकू ओघळले आहे, आणि हे पाण्याच्या उद्यानात सफारी सूट घालून उभे. दर ठिकाणी हे कोणातरी अनोळखी माणसाच्या हातात कॅमेरा द्यायचे आणि मी ओरडायचे, "फोटो!" की रोशनी असेल तिथून धावत यायची आणि टोकाला उभी राहायची. एकदा अर्धी आइसकँडी टाकून आली. गोल फिरणाऱ्या कपबशीत तिला मळमळले होते, तरी फोटोत हसते आहे. आगगाडीच्या फोटोत अश्विनचा हात तिच्या गळ्यात आहे, कारण ती शेजारी बसल्याशिवाय तो गाडीत चढेचना. रडून गोंधळ घातला होता पठ्ठ्याने. मी हा फोटो रोज पाहते. पाहिला की हसू येते, आणि मग अल्बम पटकन मिटून ठेवते.

सगळ्यात चांगला फोटो दारावरचा. आत जायचे ते सिमेंटच्या मोठ्या हत्तीच्या तोंडातून. रोशनी घाबरली. "काकी, ये खा जाएगा," म्हणाली आणि माझा पदर मुठीत घट्ट धरला. तसाच फोटो निघाला. डावीकडून रोशनी, मी, अश्विन आणि हे.

त्यानंतर ती आमच्या घरची चौथीच झाली. राखी बांधायची, मोदकाला पारी करायची, मराठी तर अशी शिकली की माझा पोरगा हिंदीत उत्तर देतो आणि ही नागपुरी मराठीत मला रागावते, "काकू, काहून उपाशी बसून राहिल्या? उठा, जेवून घ्या." भैयालाल गेला तेव्हा ती अठराची होती. मी तिला कात्री हातात दिली, कटिंग शिकवले. आज दुकान तीच चालवते. ह्यांना लकवा झाला आणि चार वर्षे अंथरुणात काढली, तेव्हा त्यांना उठवणे, बसवणे, पुसणे, सारे तिने केले. अश्विन येऊन जाऊन होता, पैसे पाठवत होता, त्याची नोकरी होती, माझी तक्रार नाही. पण ह्यांनी शेवटचे पाणी मागितले ते तिच्याकडे.

गल्लीतले म्हणतात, कानामागून आली नि तिखट झाली. त्यांनी एक रात्र तरी आमच्याकडे जागून काढली होती का?

कलम २. माझी दोन्ही शिलाई मशीन, लोखंडी मोठी कात्री, दुकानाची पाटी आणि गिऱ्हाइके रोशनीला. कात्रीला धार आपल्या चौकातल्या माणसाकडूनच लावावी, फिरत्याकडून नाही.

कलम ३. बँकेतल्या सर्व ठेवी आणि ह्यांचे घड्याळ अश्विनला. मी त्याला टाकलेले नाही, हे स्पष्ट लिहिते. तो वाईट पोरगा नाही. विसराळू आहे आणि त्याला सगळे स्वच्छ, नीटनेटके लागते. माझ्या पाटल्या सूनबाई पायलला. तिने मला कधी उलट उत्तर दिले नाही. सरळही दिले नाही, पण जाऊ द्या.

कलम ४. माझी जाऊ जया हिच्याकडे माझी चांदीची वाटी तिच्या विक्कीच्या बारशापासून आहे. विक्कीला आता टक्कल पडले. ती वाटी तिला लखलाभ. शेजारचे गणपतराव यांनी आमची शिडी नेली ती परत आणली नाही. ती शिडी रोशनीची समजावी आणि तिने मागून घ्यावी. गणपतराव या कागदावर साक्षीदार म्हणून सही करणार आहेत. त्यांनी सही करावी, वाचत बसू नये.

कलम ५. हे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे.

मागच्या महिन्यात दिवाळीला अश्विनने एक भेट आणली. हत्तीचा फोटो मोठा करून, चकचकीत चौकटीत. मला इतका आनंद झाला की मी हात पुसत धावले. पाहते तर फोटोत आम्ही तिघेच. रोशनी जिथे उभी होती तिथे हत्तीची सोंड लांबवलेली, मागे झाडे भरलेली. मी म्हटले, "अश्विन, रोशनी कुठे आहे रे?"

तो म्हणाला, "अरे आई, फैमिली फोटो है ना. क्लीन लग रहा है. एक मेरे यहाँ हॉल में भी लगाया है."

रोशनी तिथेच चहाचा ट्रे घेऊन उभी होती. कप ठेवून आत गेली.

मग मला दिसले. यंत्राने तिचा फ्रॉक पुसला, वेणी पुसली, चेहरा पुसला. पण माझ्या पदराला धरलेली चार बोटे तशीच राहिली. लहान, काळीसावळी, नखांत माती भरलेली. मनगट नाही, हात नाही, नुसती बोटे, आणि पदर घट्ट धरलेला. मी त्या पोराला म्हटले, "अरे, तू हे काय केलंस? तू मधे आलास ना रे!"

कारण चौथी गेल्यावर उरले तीन, आणि मधे माझा अश्विन.

तो हसला. "आई, तू पण ना!" म्हणाला. मी त्याच दिवशी फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. पण हैदराबादच्या त्याच्या दिवाणखान्यात तो टांगलेलाच आहे. दिवाळीपासून मला झोप नाही. त्याचा फोन उशिरा लागला की माझ्या हातातून सुई पडते. मला माझ्या पोराचा राग आहे आणि माझ्या पोराची भीतीही वाटते, दोन्ही एकाच वेळी. असे कोणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे लिहिले.

तरी अश्विनला आज्ञा, की त्याने तो फोटो उतरवावा. लाल अल्बम आणि त्याची निगेटिव्ह मी त्यालाच देत आहे. त्यावरून पूर्ण फोटो करून लावावा, चौघांचा. तो लावल्याचे प्रणालीबाईंनी जाऊन डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कलम ३ मधल्या ठेवी त्याला देऊ नयेत. या मृत्युपत्राची अंमलबजावणी प्रणालीबाईंकडे आहे.

कलम ६. प्रणालीबाईंनी मला सरळ सांगितले, "काकू, मृत्युपत्र मरताना जे तुमचं असेल त्यालाच लागू. रविवारी दानपत्रावर सही केलीत तर या कागदात चिवडा बांधा." म्हणून घराची मूळ कागदपत्रे मी आज त्यांच्या ताब्यात दिली आहेत. परंतु माझा हात माझ्याचकडे आहे आणि त्याचीच मला धास्ती आहे.

येथवर मजकूर काल लिहिला. पुढील मजकूर आज, सहीच्या आधी, साक्षीदारांसमोर लिहीत आहे.

प्रणालीबाई म्हणाल्या की सहीच्या वेळचा फोटो असावा, म्हणजे पुढे कोणी बोट दाखवू नये. जिला घर मिळते ती खोलीत नको, फोटोत तर मुळीच नको, नाहीतर अश्विनचा वकील म्हणेल की तिनेच म्हातारीचा हात धरून सही करवली. बरोबर आहे. गणपतराव आणि डॉक्टर गीतांजलीबाई खुर्च्यांवर बसले. प्रणालीबाईंनी मोबाइल हातात घेतला आणि जोरात म्हणाल्या, "चला, फोटो!"

आणि दार उघडले. रोशनी हात पुसत आत आली. सवयीने. सत्तावीस वर्षांची सवय. येऊन थेट टोकाला उभी राहिली.

प्रणालीबाईंनी मोबाइल खाली घेतला. शेवटी मीच म्हटले, "रोशनी, तू बाहेर थांब."

तिने माझ्याकडे पाहिले, मग खुर्च्या पाहिल्या, मोजल्या. म्हणाली, "काकू, तीन होऊन राहिले ना."

"होऊ दे," मी म्हटले.

"मग तुम्ही मधे नका बसू. गणपत काकांना बसवा."

गणपतराव दचकून उठलेच! मी त्यांना हाताने खाली बसवले आणि रोशनीला दाराबाहेर घालवले. तिने दार लावले नाही, फटीतून बघत राहिली.

मग मी माझी खुर्ची ओढून मधे घेतली आणि बसले. मैया, ऐक. जे काही यायचे असेल ते माझ्यावर येऊ दे, माझ्या अश्विनवरचे काढून घे. मधली आता मी आहे.

फोटो निघाला. चांगला आला. प्रणालीबाईंना मी सांगितले की तो आत्ताच्या आत्ता अश्विनला पाठवा. सोबत काही लिहू नका. आई तिघांचा फोटो काढत नाही हे त्याला लहानपणापासून माहीत आहे, तिच्या लग्नाच्या वाढदिवसालाही तिने काढू दिला नव्हता. हा पाहिला की त्याला समजेल, आई तिघांत मधे बसली म्हणजे आता ती मागे हटायची नाही, रविवारी कागद आणण्यात अर्थ नाही. त्याने यावे, नक्की यावे, मी पुरणपोळी करीन. गिऱ्हाइकाला आणू नये.

सही करते. हात कापत नाही, हे साक्षीदारांनी पाहावे.

विनता चंद्रशेखर उमाठे

आमच्या डोळ्यांदेखत श्रीमती उमाठे यांनी सही केली आणि त्यांच्या देखत आम्ही केली:

१. गणपत उमरेडकर, शेजारी (शिडी उद्या आणून देतो.)

२. डॉ. गीतांजली वाघाडे

स्थळ: विजय नगर, जबलपूर. शुक्रवार, दिनांक १४ नोव्हेंबर २०२५.

सोबत फोटो एक जोडला आहे. डावीकडून: गणपतराव, मी, डॉक्टरबाई. दाराबाहेर: रोशनी.