न ओढलेली रेघ

दि. ३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पन्नाशीत प्रबंध लिहिणारी बाई अजून जिवंत आहे का, असं विचारलं आहेस. आहे. दप्तरखान्याच्या तळघरात, दोन स्वेटर घालून.

विषय तुला पाठ आहेच: मध्ययुगातली धर्मयुद्धं आणि शेजारच्या समाजांवर झालेले त्यांचे परिणाम. युद्ध करणारे सगळं लिहून ठेवतात. कुणाला मारलं, किती मारले, कोणत्या देवासाठी मारले. शेजाऱ्यांचं मात्र कुणी लिहीत नाही. त्यामुळे जळालेल्या शहरासमोरच्या, नदीपलीकडच्या गावाची जन्मनोंदवही हाती आली तेव्हा मी हरखले. गाव जिंकणाऱ्यांच्याच पंथाचं. युद्धात नव्हतं, काठावर बसून बघत होतं.

पण तिथला कारकून! अक्षर मोत्यासारखं आणि डोकं ठिकाणावर नाही. युद्धाच्या वर्षांत प्रत्येक नोंदीखाली एक ओळ कोरी सोडलेली. शंभर उंबऱ्यांच्या गावात तीन वर्षांत तेवीस जुळी. कडी म्हणजे, बायको जाऊन बारा वर्षं झालेल्या या अडुसष्ट वर्षांच्या गृहस्थाने स्वतःच्या नावावर तिळं नोंदवलं आहे. नक्कीच पीत असणार. ही सगळी जादा मुलं मी माझ्या टिपणवहीत लाल पेन्सिलीने काट मारून गणतीतून काढली आणि प्रकरणाचा शेवट केला: ‘शेजारच्या गावावर युद्धाचा परिणाम शून्य, फक्त तिथला कारकून बेफिकीर झाला.’ मार्गदर्शक पहिल्यांदाच हसले. वीस एप्रिलला तोंडी परीक्षा, मग कायमची नेमणूक. वयाच्या अटीमुळे ही शेवटचीच संधी, तेव्हा मोठ्या भावाने टोमणे आवरते घ्यावेत.

ती. वहिनींना नमस्कार. तुझी माया आहे तशीच राहू दे, वाढवलीस तरी चालेल.

तुझी
ठकू


दि. १२ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

टोमणे आवरता येत नाहीत, वयोमानाने गुडघेही आवरत नाहीत.

तुझं पत्र वहिनीला वाचून दाखवलं. तीस वर्षं प्रसूतिगृहात काढलेली बाई ती. म्हणाली, एवढ्याशा गावात तेवीस जुळी झाली असतील तर तिथल्या सुईणीचे पाय धरायला हवेत. झाली नसतील, तर ती मुलं कुणाची हे ठकूला विचारा.

माझी हरकत वेगळी आहे. मी जन्ममृत्यूच्या नोंदी करण्यात एकतीस वर्षं घासली. पहिल्याच दिवशी साहेबांनी शिकवलं की नोंद संपली की उरलेल्या जागेवर रेघ ओढायची, म्हणजे मागाहून कुणाला काही घुसडता येत नाही. बेफिकीर कारकुनाच्या ओळी एकमेकींच्या अंगावर चढतात गं. दर नोंदीखाली न चुकता कोरी ओळ सोडायला शिस्त लागते. युद्धाआधी तो रेघ ओढत होता का, बघ. शाईही बघ. आमच्या जातीच्या माणसाला दारुड्या म्हणण्याआधी एवढं तरी कर.

लहानपणी तुला उकिरड्यावरून उचलून आणलं असं सांगून मी रडवायचो. ते खोटं होतं. उकिरड्याने तुला परत घेतलं नाही, हे खरं.

जेवत जा. आमचा जीव तुझ्यात अडकलेला आहे, हे लक्षात असू दे.

दादा


दि. २९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वही उभ्यानेच पाहिली. बसवेना.

आधीच्या वीस वर्षांत तो प्रत्येक नोंदीनंतर रेघ ओढतो, अगदी पट्टी लावून. पलीकडच्या शहरात पहिलं फासावर लटकवणं झालं, त्या महिन्यापासून रेघ बंद. तीन वर्षं कोऱ्या ओळी. चौथ्या वर्षी शहर जळलं. आणि त्या कोऱ्या ओळींवर, तीन-तीन वर्षं जुन्या नोंदींखालीसुद्धा, एकाच तपकिरी शाईने लिहिलं आहे: ‘व जुळी बहीण’, ‘व जुळा भाऊ’.

दादा, मुलं येण्याआधी तीन वर्षं तो त्यांच्यासाठी जागा राखत होता.

जिंकणाऱ्यांनी जळत्या शहरातून पळालेली मुलं शोधायला निरीक्षक पाठवला होता. त्याला एकही मूल सापडलं नाही हे मी पूर्वीच वाचलं होतं आणि त्याच्या बावळटपणाला हसले होते. वहीच्या पानापानावर त्याचा शिक्का आहे. म्हाताऱ्या विधुराच्या तिळ्याखालीसुद्धा, सरळ आणि ठसठशीत. आता मला हसू येत नाही. आपल्या गल्लीत कुणाकडे पाहुणा आला तर चहा उकळायच्या आत चार घरांना कळतं. तिथे शंभर घरं गप्प राहिली. मुलं मोठी झाली. त्यांच्या लग्नांच्या नोंदी त्याच गावात आहेत.

आणि सैन्याला न सापडलेली ती सव्वीसच्या सव्वीस मुलं मी लाल पेन्सिलीने शोधून काढली.

मार्गदर्शक म्हणतात, आता हात लावू नका. परीक्षा होऊ द्या, मग सावकाश लेख लिहा. प्रबंध मागे घेतला तर वर्ष जाईल, वर्षाबरोबर नेमणूकही. काय करू?

तुझ्या चार ओळींची वाट पाहते. रागावून लिहिल्यास तरी चालतील.

ठकू


दि. ५ एप्रिल

चि. ठकूस,
अ. उ. आ.

मार्गदर्शकांचं बोलणं व्यवहाराला धरून आहे. मी सल्ला देत नाही, फक्त कचेरीतला नियम सांगतो. नोंद चुकली तर खरवडायची नाही. बाजूला दुरुस्ती लिहायची आणि खाली सही करायची, स्वतःची.

तुझी वहिनी रोज विचारते की ती तिळी मुलं जगली का. मोठ्या भावाचा हात डोक्यावर आहेच, पोस्टाने पाठवता येत नाही इतकंच.

दादा


दि. २० एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आज माझी परीक्षा होती. मी तळघरात होते.

प्रबंध मागे घेतला. मार्गदर्शकांनी चष्मा पुसला आणि या वयात असा हट्ट शोभत नाही म्हणाले. तो कुठल्या वयात शोभतो हे विचारायचं राहून गेलं. नेमणूक गेली. संध्याकाळी थोडं रडून घेतलं, हे वहिनींना सांगू नकोस, सांगशीलच.

माझ्या टिपणवहीतल्या लाल खुणा खोडल्या नाहीत. प्रत्येकीच्या बाजूला त्या मुलाचं नाव लिहिलं, मोठ्याने वाचलं आणि खाली सही केली. सव्वीस वेळा. दप्तरी बाई लांबून बघत होत्या. नववं-दहावं नाव झाल्यावर खुर्ची ओढून ऐकत बसल्या. ‘परिणाम शून्य’ याच्या बाजूलाही दुरुस्ती केली: ‘परिणाम सव्वीस.’

वहिनींना सांग, तिळ्यातली तिन्ही जगली. धाकटी पुढे त्याच कचेरीत कारकून झाली. तिच्या वहीतही दर नोंदीखाली एक ओळ कोरी आहे.

तुझा लोभ आहे हे जाणते. त्याच्याखाली रेघ ओढू नकोस.

तुझी, चार वर्षांनी धाकटी,
जुळी बहीण