गुरुवारी माझ्या टेबलाशी

मॅडम, काल बदलीवर आलेल्या नव्या डॉक्टरनं मला विचारलं, मनाच्या आजाराचे पेशंट आपण इथेच का बघतो, मोठ्या दवाखान्यात का पाठवत नाही. मी काहीतरी कोरडं उत्तर दिलं. खरं उत्तर तुमच्याशी बोलावंसं वाटलं, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी.

कोसाडच्या आमच्या आरोग्य केंद्रात तुम्ही पहिल्यांदा आलात त्या गुरुवारी आम्ही तुमच्यासाठी मागची खोली झाडून ठेवली होती, दारावर लावायची 'मानसोपचार विभाग' अशी पाटीही तयार होती. खोली बघून तुम्ही म्हणालात, "छान आहे. लसींचा फ्रिज ठेवा इथे. ती पाटी वाचून आत कोण येणार गं?" आणि खुर्ची ओढून माझ्याच टेबलाशी बसलात. मला रागच आला. मी नवी डॉक्टर, बाहेर रांग पायरीपर्यंत, आणि शेजारी एक मानसोपचारतज्ज्ञ. "इथे खोकल्या-तापाचेच लोक येतात, मॅडम," मी म्हणाले.

तेवढ्यात ती आली. अमळनेरकडची, नवरा इथल्या कापडाच्या लूमवर कामाला. छातीत जळजळ म्हणून ती कितीतरी महिने येत होती आणि मी तिला त्याच ॲसिडिटीच्या गोळ्या देत होते. त्या दिवशीही माझा हात गोळ्यांकडे जातो, आणि तुम्ही तिला तिच्याच बोलीत विचारता, "काय वं बहिन, झोप लागस का?" ती हातातली पिशवी खाली ठेवते. मग हळूच म्हणते, "पोरं निजी जातस, मी जागी ऱ्हास. आते कायमनी झोप लागी जावाले पाहिजे, आसं वाटस."

मी घाबरून मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहायला घेतली. ती अंग चोरून म्हणाली, "तठे नही जावाव मी. येडी म्हणतीन माले." तुम्ही तिला नर्सजवळ बसवलंत आणि माझ्याकडे वळलात. "चिठ्ठी दिलीस की ती तुझ्या नजरेआड होईल, बरी नाही होणार."

"पण हा माझा विषय नाही, मॅडम."

"तिची जळजळ इतके महिने तुझाच विषय होती ना? ज्यांना पाठवायलाच हवं त्यांना मी स्वतः पाठवीन. पण आधी विचार तरी. जीव द्यायचं मनात येतं का, काही ठरवलंय का. सरळ विचार."

"आणि विचारल्यामुळे तिनं खरंच काही केलं तर?"

"विचारल्यानं कुणी मरत नाही गं. कुणीतरी विचारलं, म्हणून हलकं वाटतं."

तिला परत बोलावलं. मी सरळ विचारलं. ती पदर तोंडाशी धरून खूप रडली. विचार येतात, पण पोरांकडे बघून मी थांबते, असं म्हणाली. ठरवलेलं काही नव्हतं. या सगळ्यात तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. नवऱ्याला बोलावून घेतलं, औषध किती द्यायचं ते तुम्ही माझ्याकडून वदवून घेतलंत, आणि तिला एकटं सोडू नका, गुण यायला वेळ लागेल, हे त्याला मीच सांगितलं.

पुढे ती नेमानं येऊ लागली. झोप सुधारली, मग जेवण. आणि एका आठवड्यात आलीच नाही. मी तुम्हाला फोन केला. तुम्ही एवढंच विचारलंत, "घरी कोण गेलं?" आशाताईला घेऊन मी तिच्या वसाहतीत गेले. ती भाकरी थापत होती. शेजारणीनं सांगितलं होतं, या गोळ्यांची सवय लागते, म्हणून तिनं त्या बंद केल्या होत्या. चुलीशेजारी पाटावर बसून, तिनं केलेला चहा पीत, मी तिची समजूत घातली, नव्यानं गोळ्या सुरू केल्या. संध्याकाळी तुम्हाला सगळं सांगून विचारलं, बरोबर केलं ना? तुम्ही म्हणालात, "आता मला कशाला विचारतेस?" त्या एका वाक्यावर मी कितीतरी दिवस खूश होते.

काही महिन्यांनी ती स्वतःच्या पायांनी आली, बरोबर तीच शेजारीण. म्हणाली, "ताई, हिले बी झोप नही." मग तिच्या मागून दुसरी, इच्छापोरच्या कारखान्यात कंत्राटावर जाणारा कुणाचा तरी दीर, एक बाळंतीण. सगळे त्याच रांगेत, खोकलेवाल्यांच्या मध्ये. तुम्ही गेलात त्यानंतर कितीतरी दिवस दुसरं कुणी तज्ज्ञ आलं नाही, पण आमचा गुरुवार चुकला नाही. त्या नव्या डॉक्टरला उद्यापासून शेजारी बसवणार आहे. तो वैतागेल बहुतेक.

एक सांगायचं राहिलंय. तुमच्या दहाव्याला आले होते तेव्हा तुमच्या भावानं निघताना मला विचारलं, आमची ताई तुमच्याकडे पेशंट तरी किती बघायची? त्याला बरं वाटावं म्हणून मी म्हणाले, "पुष्कळ." खरं तर तुम्ही फारसं कुणाला बघितलंच नाहीत. बघायचो ते आम्हीच. पण दारात माझ्या चपला शोधून देणाऱ्या त्या माणसाला हे कसं समजावून सांगावं, ते मला तेव्हा सुचलं नाही.