एस्बेन क्रमांक एक ते सहा

शुक्रवार, १ सप्टेंबर. सकाळी ८.१०
आजपासून माझी पद्धत. रक्तातलं औषध मोजायला जुन्या रीतीने अर्धा तास, माझ्या रीतीने चार मिनिटं. नवं मूत्रपिंड बसवलेल्यांचं हे औषध. कमी पडलं तर शरीर मूत्रपिंड नाकारतं, जास्त झालं तर औषधच त्याला मारतं. म्हणून आकडा चोख हवा. माझा असतोच.
नियम असा की पद्धत सहा वेगवेगळ्या माणसांच्या रक्तावर तपासायची. शुक्रवारी नऊला सगळा विभाग पाव-लोण्याला जमतो, तेव्हा मागायचं ठरवलं होतं. पण मागितलं की लोक प्रश्न विचारतात. आमच्या आल्बोर्गात शेजाऱ्याकडे शिडी मागायलाही आठवडा जातो, रक्त कुठून मागणार! स्वतःचंच काढलं, त्यात औषध मोजून घातलं. नळीवर लिहिलं, एस्बेन १.

शुक्रवार, ८ सप्टेंबर
एस्बेन २. आठवड्याभरात माणूस बदलतो. मागच्या शुक्रवारी मला सर्दी होती.

शुक्रवार, ६ ऑक्टोबर
एस्बेन ६. सहाही आकडे तंतोतंत. आमच्या विभागात इतकं एकमत पूर्वी कधी झालेलं नाही. प्रमुखाने न वाचता सही केली. विश्वास आहे माझ्यावर.
पाव आणायची पाळी माझी होती, विसरलो.

मंगळवार, १० ऑक्टोबर
पहिले खरे नमुने. त्यात माझ्या थोरल्या बहिणीचा, बिर्गिटचा. चार वर्षं वाट पाहून तिला ऑगस्टमध्ये मूत्रपिंड मिळालं. आकडा हवा आठ, आला चार. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. माझ्यामुळे वेळेत कळलं. फोनवर म्हणाली, लहानपणी तुला धड कपभर दूध मोजता येत नव्हतं, आता माझा जीव मोजतोस होय रे? कौतुकानेच म्हणाली असणार.

मंगळवार, २४ ऑक्टोबर
बिर्गिट साडेचार. पुन्हा गोळ्या वाढल्या.
समोरच्या टेबलावरच्या सोल्वायने बिर्गिटची नळी उजेडात धरली. वर ताकासारखा थर. सोल्वाय इथे तीस वर्षं आहे, त्यामुळे तिला सगळं येतं. म्हणाली, बाबा रे, एवढी चरबी असली की ती यंत्राच्या दाराशी दाटी करते, औषधाचे कण आत शिरतच नाहीत. औषध ढीगभर आणि आकडा चिमूटभर! तुझ्या सहा जणांत असं कोणी होतं का? मी म्हणालो, सहाही सारख्याच तब्येतीचे. खोटं नाही.
मग म्हणाली, औषधाचं जुळं, म्हणजे तसाच पण जरा जड कण, मोजून घालतोस ना सोबत? दाटीत दोघं सारखीच अडकतात, मग चूक भरून निघते. जुळं संपलंय, मागवलंय. तोवर त्याच्या चुलत भावावर, एका मिळत्याजुळत्या औषधावर भागवतो. दोघे दाराशी वेगवेगळ्या वेळी पोचतात, पण घराणं एकच.
संकल्प: येत्या शुक्रवारी पाच जणांकडे रक्त मागायचं.

शुक्रवार, २७ ऑक्टोबर
नाही मागितलं. पाव गरम होते.

शुक्रवार, १० नोव्हेंबर. संध्याकाळी
मार्टिनच्या सणाचं बदक बिर्गिटकडे. तिचे हात थरथरत होते, अर्धा रस्सा टेबलावर सांडला. म्हणाली, डोकं ठणकतं, झोप नाही, लघवीही कमी होते. पण तू तर म्हणतोस औषध कमीच पडतंय, मग दुसरंच काही असेल, नाही का रे? मी म्हणालो, दुसरंच. घर फार थंड ठेवते ती.
बदक झकास झालं होतं. मला घास उतरला नाही. सकाळचा पाव जड पडला असावा.

सोमवार, १३ नोव्हेंबर
एवढ्या गोळ्या गिळून बिर्गिट चार पूर्णांक दोन. सही करायला पेन सापडेना. मग सापडलं.

गुरुवार, १६ नोव्हेंबर
सोल्वायने मला न विचारता बिर्गिटचं उरलेलं रक्त कोपनहेगनला पाठवलं होतं. तिथे जुन्या रीतीने मोजलं. आकडा एकवीस. खूप चिडलो. म्हणालो, त्यांचं यंत्र जुनाट आहे. सोल्वायने फोन उचलून माझ्या हातात दिला. डॉक्टर म्हणाले, तुमच्या बहिणीला सकाळीच दाखल केलंय.
भीती वाटते.

शुक्रवार, २४ नोव्हेंबर
मूत्रपिंड गेलं. बिर्गिट पुन्हा डायलिसिसवर.
डॉक्टरांनी विचारलं, ते सहा जण कोण? यादी दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली.
बिर्गिटला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, गाढवा, रक्तच हवं होतं तर माझ्याकडे मागायचंस.
नऊला खाली विभागात आलो तर पावाला कोणी हात लावला नव्हता. सोल्वाय धरून पाच जण बाह्या सरसावून रांगेत उभे होते. कोणी काही विचारलं नाही.
मग वर वॉर्डात गेलो. माझं मूत्रपिंड तिला चालेल का ते बघायचंय. नर्सने एक नळी भरली आणि म्हणाली, यावर नाव लिहा. एस्बेन लिहिलं. सवयीने पुढे सात लिहिलं.
तिने ते खोडायला लावलं.