नाका आमच्या मागोमाग आला

नाल्यापलीकडून
(आता अलीकडूनच म्हणायला हवे, खुलासा पुढे येतो)
जिल्हा वर्धा. कोजागरीचा दुसरा दिवस, १९५८.

राजमान्य साडूभाऊ वासुदेवराव, मुक्काम मुंबई, यांस बाबारावाचा दोन्ही हात जोडून रामराम. आम्ही उभयतां खुशाल आहोत. मीराबाईचे गुडघे पावसाळ्याइतके बोलत नाहीत, स्वतः मीराबाई मात्र पूर्वीइतकीच बोलते. मुंबईचे पाणी तुमच्या पोटाला मानवत नाही असे पद्माताईंच्या पत्रावरून कळले. ओवा भाजून पाठवीत आहे. काळ्या मिठाबरोबर घ्यावा आणि ऑफिसात जाण्यापूर्वी घेऊ नये. नागपूरची राजधानी गेली तेव्हा तिच्याबरोबर तुमचे टेबलही मुंबईला गेले, आणि आमच्यासारख्यांना सरकारात ओळखीचा एक माणूस होता तो पाचशे मैल लांब गेला. तरी टेबल मजुरीच्या खात्यातच राहिले, ही आमच्यावर देवाची (आणि तुमच्या साहेबाची) कृपा.

तुमच्या मागील पत्रातील सल्ला मी तंतोतंत पाळला, त्याची हकीकत कळवतो. बिडी वळण्याचा कमीत कमी दर सरकारने ठरवला, हे मला तुमच्या आधी कळले होते. गॅझेट वाचणारे गॅझेट वाचतात, मी न्हाव्याकडे डोळे मिटून बसतो. पण त्यात एक गंमत आहे, म्युनिसिपालटीच्या हद्दीत एक दर आणि हद्दीबाहेर हजारामागे तीन आणे कमी, हे तुम्ही लिहिले तेव्हाच समजले. आमच्याकडे हद्द म्हणजे नाल्यावरचा चुंगीचा, म्हणजे जकातीचा, नाका. बांबूच्या अलीकडे शहर, पलीकडे खेडे. तिकडे नागपूरच्या व्यापाऱ्याने निरोप धाडलेला, की दर वाढो न वाढो, आपल्या रेंगी छाप बिडीला (पुडक्यावर छकड्याचे चित्र आहे ती) तो एक पैसाही वाढवून देणार नाही. संक्रांतीपर्यंत जुन्या भावाने माल द्या, नाहीतर दुसरा छाप पाहतो. बारा वर्षे बैल न बदलता ओढलेली ही रेंगी, ती थांबली तर मी आणि माझ्याकडे वळणाऱ्या साऱ्या बाया रस्त्यावर. तेव्हा तुम्ही लिहिले, ‘नाल्यापलीकडे तुमचे वावर आहेच, तिथे टिनाचे शेड टाका.’ मी टाकले. सत्यनारायण घातला, केळझरच्या गणपतीला नारळ फोडला, तराजू, तंबाखूची पोती आणि भट्टी बैलबंडीवर चढवून नाका ओलांडला. नाकेदाराने विचारले, कुठे निघाले शेटजी? म्हटले, खेड्यात राहायला. हवा चांगली असते.

पहिल्याच दिवशी पंचफुलेने (ही आमच्याकडची सगळ्यात जुनी वळणारी, मी स्वतः सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत होतो तेव्हा ही शेजारच्या चटईवर बसायची, म्हणून मला शेटजी म्हणणे तिला जड जाते) शेडाभोवती एक चक्कर मारली आणि सगळ्या बायांसमोर मला विचारले, “काऊन जी भाऊ, नाला ओलांडला का मजुरी कमी होते म्हनतेत?” मी म्हटले, तसे सरकारचे म्हणणे आहे, मी कोण. तर म्हणे, “मंग बाजारातल्या ज्वारीवाल्याले एक चिठ्ठी लिहून द्या. ह्या बाया नाल्यापलीकडं बिड्या वळतेत, यांले ज्वारी कमी भावानं देजो म्हना.” यावर शकुबाई नावाची दुसरी एक आहे, ती म्हणाली, “चिठ्ठी काहाले? भाऊ पोटालेच सांगून देतीन, नाल्यापाशी आल्यावर लहान होजो म्हनून.” हसल्या साऱ्या. मीही हसलो. हसण्याला दर नाही.

घरी वेगळेच. संध्याकाळी जेवायला बसलो तर ताटात अर्धी भाकर. उरलेली मागितली तेव्हा तुमच्या मेहुणीबाई म्हणाल्या, दिवसभर खेड्यात होते ना तुम्ही, हा खेड्याचा दर आहे. (पंचफुला दुपारीच येऊन गेली होती, हे मागाहून कळले.) चार दिवस मी कमीत कमी दराने जेवलो.

आता आमच्या धंद्याची एक रीत तुम्हाला ठाऊक असेल नसेल. संध्याकाळी बाया भिजवलेली तेंदूपाने घरी नेतात, चुलीपाशी बसून पत्र्याच्या साच्याने कापतात, आणि सकाळी कापलेली पाने घेऊन वळायला येतात. चूल, पोर आणि पाने अशी तिन्ही कामे एकाच बैठकीत होतात. नवे इन्स्पेक्टर तपासणीला आले (पुण्याकडचे आहेत, बूट काढून चटईवर बसले, माणूस सज्जन) तेव्हा पंचफुलेने हीच रीत त्यांना समजावली. पान शहरात कापलं, तंबाखू खेड्यात भरली, आता बिडी कुठली ते तुम्ही सांगा साहेब. साहेबांनी एक बिडी हातात घेऊन उलटसुलट केली, जणू तिच्यावर हद्द आखलेली सापडेल. मग म्हणाले, काम शहरात सुरू होते, तेव्हा दर शहराचा. मी म्हटले, साहेब, पाने इथेच कापून घेतली तर? म्हणाले, तर मग खेड्याचा. मी मनात त्यांना नमस्कार केला आणि दुसऱ्या दिवसापासून एकही पान नाक्याअलीकडे जाऊ दिले नाही. इथेच माझी अक्कल नाल्यात पडली.

कारण असे, की पाने घरी जाईनात म्हणून घर पानांकडे आले. बाया उजाडता येऊ लागल्या आणि दिवेलागणीला जाऊ लागल्या, मग लेकरे कोणापाशी ठेवणार? पहिल्या आठवड्यात पाळणे आले. (पहिला पाळणा मीराबाईने आमच्या माळ्यावरचा काढून स्वतः धाडला. मला विचारले नाही.) पाळण्यांमागून दूध पाहिजे म्हणून शेळ्या आल्या, शेळ्यांमागून म्हातारे सासरे आले, कारण घरी त्यांना भाकर कोण देणार. तीन दगडांच्या चुली मांडल्या गेल्या. इतकी माणसे पाहून टिकाराम नावाच्या एकाने माझ्याच बांधावर चहाचे दुकान थाटले आणि मलाच उधार मिळणार नाही अशी पाटी लावली. मग कासार, मग न्हावी. (न्हाव्याच्या खुर्चीत डोळे मिटून बसलो तेव्हा सगळे माझ्याविषयीच बोलत होते.) आमच्याकडे वळणाऱ्या रुखमाची सून शेडाच्या मागच्या बाजूला बाळंत झाली, मुलगी आहे, दोघीही ठीक, बारशाच्या घुगऱ्या माझ्या भट्टीवर शिजल्या. दसऱ्याला तिथे सोने वाटले गेले. मी खेड्यात गेलो होतो खरा, पण शहर माझ्या आधी उठून तिथे पोचत होते.

आणि म्युनिसिपालटीला डोळे आहेत. नाक्यापलीकडे रोज साखर, चहा, बांगड्या बाहेरच्या बाहेर येऊन खपतात आणि चुंगी बुडते हे त्यांच्या ध्यानात आले. सभेत ठराव झाला, की सदर ठिकाणी वस्ती झालेली असून ती शहराचाच भाग आहे. वरून मंजुरीही लगेच आली. एरवी माझ्या गल्लीतला दिवा मंजूर व्हायला तीन वर्षे लागली होती. परवा सकाळी नाकेदार बांबू खांद्यावर घेऊन माझ्या शेडासमोरून पुढे चालत गेला आणि वावराच्या पलीकडच्या धुऱ्यावर, शेवटच्या बांधावर, त्याने तो रोवला. जाताना म्हणाला, शेटजी, हवा खरंच चांगली आहे इकडे.

तेव्हा आता दर शहराचा, चुंगी शहराची, आणि शेडाच्या टिनाचा खर्च वेगळा. पंचफुलेने सगळ्यांना गूळ वाटला. मलाही दिला. खाल्ला.

एकूण सरकारने असल्या भानगडीत पडू नये, ज्याची त्याची मजुरी ज्याची त्याने ठरवावी, असे माझे पूर्वीपासूनचे स्पष्ट मत आहे आणि ते तुमच्या साहेबांपर्यंत पोचवायला हरकत नाही. पद्माताईंना आमचा आशीर्वाद. लोभ आहेच, तो शहरी दराने असू द्यावा.

आपला,
बाबाराव

ता. क. वरचे मत साहेबांपर्यंत पोचवू नये. मुख्य गोष्ट लिहायची राहिली. आमचा मुनीम हरिदास, ज्याला मी धंदा बोटाला धरून शिकवला, त्याने नोकरी सोडून हिंगणीकडे जंगलाच्या कडेला शेड टाकले आहे. तिथे जंगलपट्टीला सरकारचा तिसराच दर आहे, आमच्या जुन्या खेड्याच्या दराहूनही कमी. मी रागावलो तर पाया पडून म्हणाला, काका, नाला ओलांडायचं तुम्हीच शिकवलं, मी फक्त पुढचा ओलांडला. नागपूरचा व्यापारी संक्रांतीनंतर त्याच्याकडे जाणार हे न्हाव्याकडे पक्के कळले. आता मी हरिदासाच्याही पुढे पळायचे म्हटले तर जंगलातल्या वाघांना बिड्या वळायला शिकवावे लागेल. तेव्हा सोबतचा अर्ज पाहावा. साऱ्या जिल्ह्यात, नाल्याच्या अलीकडे, पलीकडे आणि झाडाखाली, बिडीचा दर एकच असावा, आणि तो आमच्या शहराचा असावा, अशी विनंती आहे. पहिला अंगठा पंचफुलेचा, त्याखाली माझी सही. आम्ही दोघे एका अर्जावर येऊ असे मला वाटले नव्हते. तिला वाटले होते. संक्रांतीच्या आत हा कागद वर सरकला पाहिजे.

आणखी ता. क. अर्ज मी बोललो तसा शाळेच्या मास्तरांनी लिहिला, पण शेवटची ओळ पंचफुलेने घालायला लावली होती. मुंबईत राहतो म्हणून तुम्हाला भत्ता मिळतो हे मीराबाईने तिला कधी सांगितले देव जाणे. तिचे म्हणणे, “जागा पाहून भाव करनं बंद, तं मंग साडूसाहेबाचा मुंबईचा भत्ता बी बंद. सारखं म्हंजे सारखं.” ती ओळ मी नाते लक्षात घेऊन स्वतःच्या हाताने खोडली आहे. अर्ज तुमच्या टेबलावर अडून राहिला, तर दुसरी प्रत करावी लागेल, आणि मास्तरांना ती ओळ तोंडपाठ आहे. ओवा जपून घ्यावा.